सीएनसीचं लाल बटण नक्की काय बंद करतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर कापणारं मशीन, बनवणाऱ्या पोरांवर तुम्ही अर्धं पान दिलंत, वाचून खूप बरं वाटलं, कारण एरवी अशा पोरांकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण त्या फोटोकडे मी बराच वेळ बघत बसलो. मशीन झकास होतं, वेल्डिंग सरळ, रेल नीट बसवलेले, आणि बाजूच्या टेबलावर एसएमपीएस (वीज पुरवणारा सप्लाय), ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट), वायरींचा गुंता सगळं उघडं, त्याच्यावर लाकडाचा भुसा आणि इमर्जन्सीचं लाल बटण वायरीला लोंबकळतंय. त्या लोंबकळणाऱ्या बटणाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवेना, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण शक्यतो कापू नका ही विनंती.

मी शिरोली एमआयडीसीत सव्वीस वर्षं पॅनेल वायरिंग, म्हणजे मशीनच्या विजेच्या डब्यांचं काम, केलंय. माझा भाचा पॅटर्न बनवतो. आमच्या कोल्हापुरात फाउंड्रीचा धंदा असल्याने पॅटर्नवाले पहिल्यापासून आहेत, लाकडाचा किंवा एमडीएफचा (भुसा दाबून केलेला बोर्ड) पॅटर्न करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात बीड (कास्ट आयर्न) ओतायचं. बीड थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं, तेवढं वाढवून पॅटर्न करावा लागतो, वर मशीनिंगला माल सोडायचा, हे हातानं करणारे जुने कारागीर कमी होत चाललेत म्हणून भाच्यानं २०२० साली कोरोनात काम बंद होतं तेव्हा स्वतःचं सीएनसी राऊटर बनवायला घेतलं. चार बाय दोन फुटांचा बेड, चौकोनी पाईपची फ्रेम, १६०५ चे बॉलस्क्रू (मोटरचं फिरणं सरळ सरकण्यात बदलणारे), नेमा २३ च्या स्टेपर मोटरी (ठराविक टप्प्यांनी फिरणाऱ्या), आणि स्पिंडल (कापणारा बिट फिरवणारी मोटर) म्हणून सुतार वापरतात तो हातातला राऊटर क्लॅम्प करून. चालवायला आर्डुइनो (छोटा कंट्रोल बोर्ड) आणि त्याचा कॉलेजचा लॅपटॉप.

आर्डुइनोवर तो ग्रबल हे सॉफ्टवेअर वापरायचा. २००९ साली सिमेन स्वाले स्कोग्सरुड नावाच्या माणसानं हे लिहिलं आणि फुकट देऊन टाकलं, पुढे बऱ्याच जणांनी ते वाढवलं. एवढ्याशा चिपवर, जिच्यात ३२ केबी जागा आणि २ केबी रॅम, त्यावर तीन ॲक्सिस (दिशा) चालवणं हे मला अजूनही थोर वाटतं. म्हणजे माझी तक्रार ग्रबलवर नाही. अडचण अशी की आर्डुइनोला जी-कोडची (मशीनला हुकूम द्यायची भाषा) एकेक ओळ लॅपटॉप पाठवतो यूएसबी केबलमधून, आणि ती केबल राऊटरच्या शेजारनं जाते, राऊटरची मोटर कार्बन ब्रशची, ती ठिणग्या टाकते, शिवाय भुसा ओढायला व्हॅक्युम क्लीनर. एका पंप केसिंगच्या कोअर बॉक्सचं (वाळूचा गाभा बनवायचा साचा) काम चालू होतं, पावणेचार तास झालेले, भाचा चहाला गेला आणि यूएसबी तुटली. आता अशा वेळी काय होतं बघा, ग्रबलकडे जेवढ्या ओळी आधी आलेल्या असतात तेवढ्या तो पूर्ण करतो आणि पुढच्या ओळीची वाट बघत उभा राहतो. राऊटर मात्र चालूच. बिट एकाच जागी फिरत राहिला, एमडीएफ काळा पडला, धूर निघायला लागला, शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं बघितलं म्हणून शेड वाचलं. कोअर बॉक्स गेला तो गेलाच.

मग जुना डेस्कटॉप आणला पॅरलल पोर्टवाला (जुन्या प्रिंटरचा), त्यावर विंडोज एक्सपी आणि माक थ्री हा सीएनसी चालवायचा प्रोग्राम. बऱ्याच वर्कशॉपमध्ये अजून हेच चालतं आणि चांगलं चालतं, पण ते कसं चालतं हे नीट समजून घेतलं पाहिजे. मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप घेते, ड्रायव्हरवर आठचं मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे आठ भाग) लावलं की १६०० पल्स (विजेचे ठोके), १६०५ स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पल्स. मिनिटाला ३००० मिलिमीटरनं चालवायचं तर सेकंदाला १६,००० पल्स आणि तेही अगदी वेळच्या वेळी, एका मागून एक, साधारण साठ मायक्रोसेकंदाला एक. विंडोज या कामासाठी बनलेलंच नाही. विंडोजला मध्येच अँटिव्हायरस आठवतो, अपडेट आठवतं, स्क्रीनसेव्हर लावायचा असतो. एखादा पल्स उशिरा गेला की मोटर अडखळते आणि एक दोन स्टेप चुकते, स्टेपर मोटरला आपण कुठे आहोत हे कळत नाही, तिथून पुढचा सगळा पॅटर्न तेवढा बाजूला. लिनक्ससीएनसी वापरणारे लोक हा प्रश्न रिअल टाइम कर्नल (वेळ न चुकवणारा लिनक्सचा गाभा) लावून सोडवतात, ते उत्तम आहे, पण पॅटर्नच्या दुकानात ते बसवून देणारा माणूस कुठनं आणायचा. शिवाय एमडीएफची धूळ. ती पिठासारखी बारीक असते, कॉम्प्युटरच्या पंख्यातून आत जाऊन बसते, आमचा डेस्कटॉप आठ महिन्यांत गेला आणि नव्या मदरबोर्डवर पॅरलल पोर्ट सहसा मिळत नाही.

म्हणून स्टँडअलोन कंट्रोलर. याबद्दल तुमच्या लेखात एक ओळही नव्हती. स्टँडअलोन म्हणजे मशीनच्या शेजारी कॉम्प्युटरच नको, कंट्रोलरला स्वतःचा स्क्रीन आणि बटणं, डिझाईन घरी टेबलावर करायचं, जी-कोडची फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची, कंट्रोलरला लावायची आणि सायकल स्टार्ट. पल्स काढायचं काम त्याच्या आतली वेगळी चिप करते, तिला दुसरं काही कामच नाही. रिचऑटोचा ए-११ हा हातात धरायचा हँडल आपल्याकडे सगळे डीएसपी म्हणून ओळखतात, लाकूड नक्षीच्या दुकानांत बहुतेक तोच दिसतो, आणि दुसरा डीडीसीएस, तो पॅनेलच्या दारावर खाच पाडून बसवायचा. ज्याला हे परवडत नाही त्यानं ईएसपी-३२ च्या बोर्डवर फ्लुइडएनसी (ग्रबलसारखंच सॉफ्टवेअर) टाकावं, त्याला एसडी कार्ड लावलं की तोसुद्धा लॅपटॉपशिवाय अख्खी फाईल चालवतो, मोबाईलवरून वायफायनं फाईल पाठवता येते. आम्ही हँडलवाला घेतला. त्या दिवसापासून केबल तुटून जॉब गेला असं एकदाही झालं नाही. लाईट गेली तर कुठल्या ओळीवर थांबलो ते कंट्रोलर लक्षात ठेवतो, पण लक्षात ठेवा, मोटर बंद असताना गँट्री (बिट धरणारी आडवी चौकट) हाताने जराही हलली तर ती आठवण खोटी ठरते, म्हणून होम स्विच (मशीनची सुरुवातीची जागा ओळखणारे) लावलेच पाहिजेत आणि लाईट आल्यावर आधी होमिंग, मगच पुढचं काम.

इथवर सगळं चांगलं. आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगतो.

कंट्रोलरबरोबर भाच्यानं एका व्यापाऱ्याकडनं तयार कंट्रोल बॉक्सच मागवला, आत ड्रायव्हर, एसएमपीएस सगळं बसवलेलं, बाहेर फक्त मोटरचे प्लग लावायचे आणि वर लाल मशरूम बटण. दिसायला देखणा. मी तेव्हा नोकरीत होतो, दोन शिफ्टच्या गडबडीत, उघडून बघितला नाही ही माझी चूक, ती मी मान्य करतो. राऊटर मात्र आधीसारखाच भिंतीच्या सॉकेटमध्ये, स्वतःचा स्विच लॉक करून. एका दुपारी जॉब चालू असताना लाईट गेली. भाचा वाट बघत बसला, म्हटलं तोवर बिट बदलून घ्यावा. कोलेटला (बिट पकडणारा भाग) पाना लावला. कंट्रोलर बंद, मशीन शांत, त्याच्या डोक्यात मशीन बंद आहे. आणि लाईट आली. कंट्रोलर हळूहळू स्टार्ट होत होता, तो काहीच हलवत नव्हता, पण राऊटरचा स्विच लॉकच होता, तो एका झटक्यात फुल स्पीडला. पाना सुटून शटरवर आदळला आणि जाताना अंगठ्याच्या बेचक्यात कापून गेला. चार टाके पडले. पाना वरच्या बाजूला उडाला असता तर तोंड समोरच होतं. माझ्या बहिणीनं मला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "दादा, तू आयुष्यभर पॅनेल केलेस आणि घरचं बघितलं नाहीस." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो डबा उघडला. मेन वायरचे पीळ मारून टेप लावलेले जोड. डब्याच्या पत्र्याला अर्थिंगच नाही, थ्री पिन टॉपमधली अर्थ आत येऊन मोकळी कापलेली. आणि लाल बटण? त्याच्या दोन बारीक वायरी थेट कंट्रोलरच्या इनपुटला, तेही एनओ कॉन्टॅक्टवर (एरवी उघडा, दाबल्यावर जोडणारा). म्हणजे बटण दाबलं की फक्त कंट्रोलरला एक निरोप जातो, "बाबा थांब". कंट्रोलर शुद्धीत असेल तर पल्स थांबवेल. तो हँग झाला असेल, किंवा त्या दोन वायरींपैकी एक सुटलेली असेल तर तो निरोप पोचणारच नाही, आणि सुटलेली आहे हे कळणार कधी, तर ज्या दिवशी जीव तोडून बटण दाबाल त्या दिवशी. राऊटरशी तर त्या बटणाचा संबंधच नव्हता. लोकांना वाटतं लाल बटण म्हणजे सगळं बंद. तसं ते आपोआप होत नाही, कुणीतरी तशी वायरिंग केलेली असावी लागते.

ही वायरिंग काही मोठी विद्या नाही. आपल्याकडे ज्याची विहीर आहे त्याच्या भिंतीवर ती लावलेली असते. मोटरचा स्टार्टर बघा, हिरवं बटण दाबलं की आतला कॉन्टॅक्टर (विजेनं ओढला जाणारा मोठा स्विच) ओढला जातो आणि स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टवर धरून राहतो, लाल दाबलं किंवा लाईट गेली की तो पडतो, आणि एकदा पडला की लाईट परत आली तरी पडलेलाच राहतो, कुणीतरी हिरवं दाबेपर्यंत. रात्री-अपरात्री लाईट येते म्हणून शेतकरी त्याला ऑटो स्विच लावतात, मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून, तिथं ती त्यांची गरज आहे. सीएनसीला असलं ऑटो काहीही लावायचं नाही. मी डब्यात हेच केलं. एक कॉन्टॅक्टर, त्याच्या कॉइलच्या लाईनीत मशरूम बटणाचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा), हिरवं बटण, होल्डिंग. मोटर ड्रायव्हरचा एसएमपीएस आणि राऊटरचा सॉकेट दोन्ही या कॉन्टॅक्टरच्या पलीकडे, म्हणजे राऊटरचा टॉप आता भिंतीत नाही, डब्यात लागतो. कंट्रोलरचा २४ व्होल्ट सप्लाय मात्र अलीकडे ठेवला, म्हणजे बटण दाबल्यावरही त्याचा स्क्रीन चालू राहतो. आणि मशरूमला मागे दुसरा एनसी ब्लॉक लावून तो कंट्रोलरला, कारण एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये क्षणभर जीव राहतो, तेवढ्या वेळात पल्सही थांबलेले बरे. एनसी का, तर वायर तुटली, उंदरानं कुरतडली, स्क्रू ढिला झाला तर मशीन चालूच होणार नाही, दोष लगेच समोर येतो. लिमिट स्विचलाही (टोकाला गेल्यावर मशीन थांबवणारा) हाच नियम. हे सगळं सामान मला दीड-दोन हजारांत पडलं, मशीनच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती, करून बघितल्यावर कळली. बटण दाबलं, ड्रायव्हरचा सप्लाय गेला, आणि झेड ॲक्सिस (वर-खाली सरकणारा भाग) राऊटरच्या वजनानं हळूच खाली उतरला. बॉलस्क्रू इतका मोकळा फिरतो की वजन धरून ठेवत नाही, बारीक आट्यांचा साधा स्क्रू सहसा धरतो. बिटच्या खाली हात असता तर. आम्ही त्याला गॅस स्प्रिंग लावला, गाडीच्या डिकीला असतो तसला. ज्यांचं बजेट आहे त्यांनी ब्रेकवाली मोटर घ्यावी.

पुढे भाच्यानं राऊटर काढून व्हीएफडीवरचा (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) स्पिंडल लावला, मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा. इथे गणित बदलतं. व्हीएफडीचा मेन एकदम तोडला तर स्पिंडल ब्रेक न लागता मोकळा फिरत फिरत थांबतो, त्यापेक्षा आधी त्याची रनची वायर तोडायची, म्हणजे तो स्वतः स्पीड उतरवून थांबवतो, आणि पाच-सहा सेकंदांनी टायमरवरून मेन जायचा. व्हीएफडी बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नका, आतले कपॅसिटर भरलेले असतात, दहा मिनिटं थांबा, कितीही घाई असो. आणि व्हीएफडी आला की नॉईज आला. काही नसताना लिमिट लागल्याचं दाखवतो, मध्येच थांबतो, मग लोक कंट्रोलर खराब म्हणून परत पाठवतात. कंट्रोलर बिचारा चांगला असतो. स्पिंडलची केबल शिल्डवाली पाहिजे, शिल्ड अर्थला, सिग्नलच्या वायरी तिच्यापासून लांब आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात, सगळ्या अर्थ एकाच पट्टीवर. मी शिकत होतो तेव्हा आमचे फोरमन म्हणायचे, पॅनेल उघडल्यावर पॉवर आणि कंट्रोल वेगवेगळ्या चॅनेलमध्ये दिसले नाहीत तर पुढचं काही बघू नकोस, परत कर.

याच्यातच एक भयंकर प्रकार मी दोन ठिकाणी डोळ्यांनी बघितलाय. व्हीएफडीचा थोडा करंट अर्थमधून वाहतो, त्यानं घरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) अधूनमधून ट्रिप होतो. मग कुणीतरी सांगतं अर्थची वायर काढून टाका, ट्रिप व्हायचं थांबेल. थांबतं, खरंच थांबतं. कारण आता तो करंट जायला रस्ताच राहिला नाही, तो मशीनच्या पत्र्यावर बसून असतो आणि ओल्या पायानं हात लावणाऱ्या माणसाची वाट बघतो. पावसाळ्यात आमच्या इकडे शेडची फरशी पाझरते. कृपा करून अर्थ काढू नका, व्हीएफडीला जमेल असा आरसीसीबी कुठला ते लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनला विचारा, अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या.

डबा पत्र्याचाच करा. प्लायवूडच्या खोक्यात एसएमपीएस ठेवणारे लोक आहेत, धूळ, उष्णता आणि लाकूड एकत्र. पंखा लावाल तर जाळी आणि फिल्टर लावा, दर शनिवारी झटका. वायरीच्या टोकांना लग्ज, प्रत्येक वायरीला नंबर. आणि दाराच्या आतल्या बाजूला दोन कागद चिकटवा, एक सर्किट ड्रॉइंग आणि दुसरा कंट्रोलरची सेटिंग, म्हणजे मिलिमीटरला किती पल्स, स्पीड, ॲक्सिलरेशन, होमिंगची दिशा, कुठल्या इनपुटला एनसी आहे. बॅटरी गेली किंवा कुणी चुकून फॅक्टरी रीसेट केलं की हा कागद नसलेला माणूस चार दिवस बसून राहतो. आमच्या दारावरचा कागद मराठीत आहे. ए-११ बरोबर जे पुस्तक आलं त्यातलं इंग्रजी भाच्यालाही लागेना, मी सात रात्री बसून त्यातलं कामापुरतं मराठीत उतरवून काढलं, आता तो कागद उद्यमनगरात पाच-सहा दुकानांत गेलाय.

म्हणून संपादक साहेब माझं मागणं असं आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून मुलांना हातानं काम करायला शिकवलं, तिथं २००२ साली फॅब लॅब (डिझाईनवरून वस्तू बनवायची कार्यशाळा) आली, आता कितीतरी शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आहेत, पोरं थ्रीडी प्रिंटर चालवतात, मशीन जुळवतात. त्यांना मशीन शिकवताना पॅनेलही शिकवा. आणि आयटीआयला वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचा ट्रेड आहे, तिथं आजही पोरं डीओएल स्टार्टर, स्टार-डेल्टा (मोटर चालू करायच्या पद्धती) शिकतात, तेच ज्ञान इथं लागतंय. शेवटच्या वर्षाला चार पोरांच्या गटाला एका घरगुती सीएनसीचा कंट्रोल बॉक्स करायला द्या, मशरूम बटण दाबून दाखवा, वायर काढून दाखवा, मेन बंद करून परत चालू करून दाखवा, मग मार्क. असली पोरं तयार झाली तर गावोगावच्या सुतारांना आणि पॅटर्नवाल्यांना बाहेरून बंद डबा मागवायची गरजच राहणार नाही. कुठल्या आयटीआयच्या शिक्षकांना पाहिजे असेल तर माझं ड्रॉइंग आणि मराठीतला सेटिंगचा कागद मी फुकट देईन, येऊन एक दिवस शिकवीन पण, आता रिटायर आहे.

आणि तुम्ही लेख केलात त्या मुलांना एवढा निरोप द्या. आज काम संपल्यावर बिट काढून ठेवा, टेबल रिकामं करा, स्पिंडल चालू करा आणि मेन स्विच बंद करा. दहा सेकंद थांबून परत चालू करा आणि लांब उभं राहून बघा काय काय आपोआप फिरायला लागतं. काहीही फिरलं तर मला तुमच्या मार्फत कळवा, मी एसटीनं येतो, पाना-पक्कड माझी मी आणतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पॅनेल वायरमन,
कोल्हापूर